लोडिंगमध्ये जमलेली सोयरीक

गेमच्या चौदाच्या चौदा सीड्या मी खोबरेल तेलानं पुसल्या. दोन्ही बाजूंनी. अन् तेबी ज्या दिवशी माही सोयरीक ठरायची होती त्याच दिवशी सकाळी. तुम्ही लिहूनच घेऊन राह्यले तं हे पहिले लिहा, नाहीतर गावातले लोक तुमाले आपल्या तऱ्हेनं सांगतीन अन् त्यात मी याच्याहून येडा निघीन.

गाव माहं धाड. घर शेतीचं. बाप म्हणे वावरात चाल, मी म्हणो येतो, अन् एसटी धरून चिखलीले पळायचो. तिथं एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मी तीन वर्षं काढले. म्हणजे दुरुस्ती मालक करायचा अन् स्क्रू फिरवायचा पेचकस धरून मी उभा राह्यचो. त्या दुकानात कोणीतरी दोन जुन्या गेमच्या मशीन आणून टाकेल होत्या, काळ्या, वर झाकण, झाकणाखाली सीडी फिरे. मालक म्हणे, गजानन, घेऊन जा बे हे भंगार, जागा अडवून राह्यलं. मी आणल्या गावात, जुना टीव्ही जोडला, राजूच्या पंक्चरच्या दुकानाले लागून एक पत्र्याची खोली होती तिच्यात दुकान टाकलं. बाजाराच्या दिवशी माल विकून मोकळे झालेले गडी यायचे, क्रिकेटची सीडी लावायचे, कुस्तीची लावायचे.

पण काय सांगू तुमाले, त्या मशीनचं लोडिंग. आताच्या मोबाईलवाल्या लोकाईले ते समजत नाही. तवा सीडी टाकली की आत खर्रर्र करे, मंग टक टक टक, मंग थांबे, तुम्हाले वाटे मेली, मंग पुन्हा खर्रर्र. पडद्यावर एक पट्टी राहे, ती भरत जाय मुंगीच्या पायानं. पट्टी भरली की मैदान दिसे, मंग नाणेफेकीचं लोडिंग, मंग खेळाडू मैदानात यायचं लोडिंग. एक गडी नाणेफेक जिंकला, फलंदाजी घेतली, अन् लोडिंग होऊन राह्यलं तवर बाजारात जाऊन मेथीच्या दोन जुड्या घेऊन आला. आला तं पंच अजून यायचेच होते. पैसे मी घंट्याच्या हिशोबानं घ्यायचो, पण लोडिंगचा वेळ खेळात धरायचो नाही. पट्टी आली की घड्याळ पालथं, पट्टी गेली की उताणं. त्या मधल्या वेळात लोक उठून जाऊ नये म्हणून मी गोष्टी सांगायचो, दुसऱ्या कोणाच्या नाही, माह्याच फजितीच्या. त्याचा साठा माह्यापाशी कधी कमी पडला नाही.

तं सोयरीक. मुलगी अर्चना, मेहकरकडच्या एका खेड्यातली, वांगी-टमाटे पिकवणारं घर. फोटो पसंत, पत्रिका जमली, पण तिचा बाप अडला. आता मी त्याईले मामाजी म्हणतो. त्याईनं मध्यस्थाले सांगतलं की पोरगा टीव्हीसमोर बसते हे समजलं, पण करते काय? पोहे-चहाचं नंतर पाहू, घर नंतर पाहू. पहिले धंदा पाहीन. बाजाराच्या दिवशी येतो, घंटाभर बसतो. दुकान चालताना दिसलं तं पोरगी देतो, नाही दिसलं तं राम राम.

हे मले परवडणारं नव्हतं. काऊन की त्या घंट्यातला अर्धा वेळ तं पट्टीच पाहण्यात जाणार. म्हातारा म्हणीन, हा काय धंदा, हे तं नुसते बसेलच आहेत. मंग मी इचार केला की मशीन चालते कशी, सीडी फिरते. फिरणारी गोष्ट हळू काऊन फिरते, कोरडी झाली म्हणून. आमच्या घरात जे अडलं त्याले तेलच. फवारणीच्या पंपाचं वायसर वाळलं, तेल. शिलाई मशीन जाम झाली, तेल. बापाचा गुडघा, तेल. आईनं खिडकीत खोबरेल तेलाची बाटली ठेवेल होती, ती उचलली अन् एक एक सीडी अशी चोळली, अशी चोळली की त्यात मले माहा भांग दिसे. मी खुशीत भांग पण सरळ करून घेतला.

अकराच्या सुमारास मामाजी आले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात वांग्याची पिशवी. अन् मागं अर्चना. मी तं बावचळलोच. मामाजी म्हणे, पोरगी बी पाहीन, तिलेच राहायचं आहे. बाकावर दोघं बसले, बाजूले पाच-सहा गिऱ्हाईक, राजू पंक्चरवाला दारात. मी मोठ्या ऐटीत क्रिकेटची सीडी टाकली. खर्रर्र. टक टक टक. पट्टी आली.

मामाजी म्हणे, झालं का चालू? मी म्हणलो हाव. पट्टीकडे बोट करून म्हणे, मंग ते काय आहे? मी म्हणलो, मामा, तुम्ही हिरीवरची मोटर चालू करता तं पाणी लगेच शेवटच्या वाफ्यात जाते का? दांडानं चालत चालत जाते. तसंच हे. मामाजीनं मान हालवली. माह्या जिंदगीतलं ते पहिलं शहाण्यासारखं बोलणं असीन, राजूनं पण माह्याकडे चमकून पाह्यलं.

पण पट्टी काही सरकेना. पाच मिनिटं झाले. दहा झाले. मी गोष्टी सुरू केल्या, चिखलीत मी मालकाच्या सासऱ्याचा टीव्ही उलटा जोडला ते सांगतलं, लोक हासले. पंधरा मिनिटं. मामाजी म्हणे, मोटर चालू आहे तं पाणी कुठं मुरून राह्यलं? मी दुसरी सीडी टाकली. तिसरी टाकली. तिसरीले तं आवाजच निराळा, आतून मांजर चाटून राह्यल्यासारखा. मंग मी शेवटचा उपाय केला. या जुन्या मशीनचा आतला डोळा, ज्यानं ती सीडी वाचते, तो झिजला की मशीन पालथी घालून चालवायची, हे तवा सगळ्या गेमवाल्याईले माहीत होतं. मी पालथी घातली. मामाजी म्हणे, काऊन बे पालथी घातली? मी म्हणलो, मामा, ही अशीच चालते. ते पोरीकडे पाहून म्हणे, अर्चना, माणूस बी असाच चालवा लागीन वाटते.

अन् तेवढ्यात पालथ्या मशीनच्या झाकणातून एक थेंब टेबलावर पडला. टप. मंग दुसरा.

अर्चना उठली. थेंबाले बोट लावलं, नाकाशी नेलं. आता माह्याकडे पाहून म्हणे, हे डोक्याले लावायचं तेल आहे ना? मी म्हणलो, नाही नाही, मशीनचंच असते. ती म्हणे, मशीनले चमेलीचा वास येते का? आईनं त्यात चमेली टाकेल होती हे मलेच माहीत नव्हतं. राजू दारातच खाली बसला हासत हासत. गिऱ्हाईक हासले. मामाजी हासले नाही. त्याईनं वांग्याची पिशवी उचलली अन् उठले. मी समजलो, आता राम राम.

पण पोरगी म्हणे, बाबा, थांबा पाच मिनिटं. अन् ओढणी खोचून कामाले लागली. भांडे घासायची साबण आणा म्हणे. राजूनं पंक्चर पाह्यची पाण्याची घमेली पुढं केली तं म्हणे, त्या पाण्यात तं टायर बी धुणार नाही मी. माठातलं पाणी घेतलं. एक सीडी दोन बोटाईत कडेनं धरली, साबण लावून धुतली, ओढणीच्या कोरड्या टोकानं मधातून बाहेर, मधातून बाहेर अशी पुसली. गोल नाही पुसायची म्हणे, गोल पुसली की वरखडे वाचण्याच्या रेघेवरच पडते. त्याईच्या घरी भजनाच्या सीड्या होत्या, त्या तीच सांभाळे. मंग समोरच्या पूजेच्या दुकानातून फुलवातीची पुडी मागवली, झाकण उघडून त्या कोरड्या वातीनं मशीनचा डोळा असा हलक्या हातानं टिपला, जसं लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढते. दोन वाती तेलानं पिवळ्या झाल्या. तिसरी पांढरी निघाली. मंग म्हणे, लावा आता.

सीडी लावली. खर्रर्र. टक टक. पट्टी आली. माह्या गोष्टी सगळ्या आटून गेल्या. पट्टी सरकली. थांबली. मी मनात पट्टीले म्हणलो, बाई, आज माहं लगन तुह्याच हातात आहे. सरकली. अन् मैदान आलं, हिरवंगार, लोक टाळ्या वाजवून राह्यले, पडद्यातले बी अन् खोलीतले बी. राजूनं शिट्टी मारली. मामाजी उठेल होते ते पुन्हा बसले, अन् त्याईनं त्या गिऱ्हाईक पोराईले इचारलं, तुम्ही दीड घंटा झाला बसेल आहा, खेळ नाही, काही नाही, गेले काऊन नाही? एकजण म्हणे, गजूभाऊच्या गोष्टी ऐकून राह्यलो ना. मामाजीनं ती वांग्याची पिशवी बाकावर ठेवली, माह्या आईले पाठवा म्हणून सांगतलं अन् गेले. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला, होकार.

आता त्याले बरेच वर्ष झाले. मोबाईल आले, सीडीचा खेळ गेला, दुकान मात्र आहे. अर्चना मोबाईल दुरुस्त करते, तिच्या हाताले आसपासचे गावं येतात, अन् पेचकस धरून उभा मी. जुनी मशीन कोपऱ्यात ठेवली, बाजाराच्या दिवशी मामाजी येतात, क्रिकेट लावतात. त्याईले आता खेळापेक्षा लोडिंग आवडते, तंबाखू मळायले बरोबर पुरते. दोन लेकरं, पोटापुरतं आहे, घरात हासू आहे, याच्यावर काय पाहिजे माणसाले.

एवढे वर्ष मी लोकाईले हेच सांगत आलो की माह्या गोष्टीनं गिऱ्हाईक दीड घंटा बसून राह्यलं, ते पाहून मामाजीनं पोरगी देल्ली. मागच्या बाजारी पट्टी भरून राह्यली होती, ते तंबाखू मळून राह्यले होते, मनात आलं, एकडाव त्याईच्याच तोंडून ऐकावं. इचारलं, मामाजी, खरं सांगा, त्या दिवशी तुमाले माह्यात काय दिसलं?

त्याईनं पट्टीवरची नजर हालवली नाही. म्हणे, तुह्यात काय दिसते? पोरगी हुशार निघाली तवा समजलं, हिले नवरा कोणीबी चालते.