आज वार कोणता?

...आणि वर मलाच म्हणतात, चिडू नकोस! अहो, चिडू नको तर काय करू, तुम्हीच सांगा. दोन वर्षं घसा फोडून सांगत होते, सकाळी उठलं की दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, एकाचं दोन दिसतं... पण ऐकतं कोण? बाबा म्हणाले, वेळेवर जेवत जा. काका म्हणाले, मोबाइल कमी बघ. फॅमिली डॉक्टरांनी तर मान वर न करताच टॉनिक लिहिलं. एकटी खोली घेऊन राहते ना मी, मग सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच!

बरं, नोकरी माझी तक्रारी ऐकण्याची. फोनवर. आठ तास जगाचं ऐकायचं. एकदा डबा खायला उशीर झाला, तर एका गिऱ्हाइकाला मी म्हणे दहा मिनिटं 'आई' म्हणत होते. शेवटी तो बिचारा म्हणाला, "बाळा, आधी काहीतरी खाऊन घे." तुम्हाला सांगते, दोन वर्षांत माझं बरोबर निदान केलं ते या एकट्या माणसाने, आणि त्याची तक्रार होती फ्रिजची.

मग मोठ्या हॉस्पिटलात कळलं. स्वादुपिंडात म्हणे गाठ असणार, इन्सुलिन बनवणारी. पोट रिकामं असलं की शहाणं स्वादुपिंड इन्सुलिनचा नळ बंद करतं. ही बया मात्र नळ सोडून बसलेली. पुरावा हवा तर तीन दिवसांपर्यंत उपाशी राहायचं, आणि साखर पार खाली गेली की त्याच क्षणी रक्त काढायचं. दर दोन तासांनी नर्स यायची, बोट टोचायची आणि विचारायची, "नाव काय? आज वार कोणता?" आणि, नीट ऐका हं, उत्तर येईपर्यंत थांबायची. माझ्याकडे बघत! मी तर पुढच्या टोचणीची वाट बघायला लागले.

तिसाव्या तासाला 'वार कोणता'ला मी उत्तर दिलं, "निळा." नर्स सुई-नळ्या आणायला धावली. सोबतीला बसलेल्या आत्याला तेवढीच संधी... तिने पिशवीतून फळांच्या रसाचं खोकं काढलं, स्ट्रॉ माझ्या तोंडात खुपसली आणि अख्खं खोकं पाजलं. नर्स परत येते तो माझी साखर ऐंशी! तीस तासांची उपासमार पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून. मी आत्याला नाही नाही ते बोलले. तिला सगळं आधी समजावलं होतं हो, पण ऐकतं कोण? ती डोळे पुसत एवढंच म्हणाली, "तुझा चेहरा बघवेना गं." दोन वर्षांत माझा चेहरा कोणाला तरी दिसला, तोही नेमका नको त्या पाच मिनिटांत.

दुसऱ्या खेपेला नातेवाइकांना बंदी. मी, भिंत आणि दर दोन तासांनी ती नर्स. साखर एक्केचाळीसवर आली, आणि रक्तात इन्सुलिन ठाण मांडून बसलेलं सापडलं. मग गाठ शोधा. सीटी स्कॅन म्हणाला, सगळं छान आहे. म्हणजे मशीनसुद्धा काकांसारखंच! शेवटी तोंडातून नळी घालून आतून सोनोग्राफी केली, तेव्हा स्वादुपिंडाच्या शेपटाशी दिसली. मटारच्या दाण्याएवढी. कापली. आता साखर चौऱ्याण्णव. बाबा सगळ्यांना सांगतात, मी आधीच म्हणत होतो. आत्या रोज फोन करायची. रिपोर्ट नॉर्मल आला तसा तोही थांबला.

काल तपासणीला गेले. टेबलाशी तीच नर्स! मी केस सारखे करून समोर बसले.

"नाव काय?"

सांगितलं. अगदी स्पष्ट. तिने ते फॉर्मवर लिहिलं, बोट टोचलं, आकडा लिहिला. मी थांबले. ती काही पुढचं विचारेना. मग मीच आपणहून सांगून टाकलं, "आज गुरुवार."

ती मान वर न करता म्हणाली, "पुढचा पेशंट."