पाचव्या वेळचा नकार

थर्झा : म्हणजे पाचव्यांदाही तुम्हालाच उभं केलं?

अलॅन्सन : विधानसभेसाठी, एकमतानं. पक्षाचा तो कॉबम आत्ताच फाटकातून ओरडून गेला. बँड घेऊन निघालेत म्हणे सगळे.

थर्झा : मागच्या वेळी त्या बँडनं माझी फुलझाडं तुडवली. पण अहो, तुम्ही तर नकाराचं पत्र धाडलं होतंत!

अलॅन्सन : सभेत मोठ्यांदा वाचलं. लोकांनी आनंदानं टोप्या हवेत उडवल्या.

थर्झा : नकारावर?

अलॅन्सन : अगं, इथली रीतच ती. लगेच हो म्हणणारा हावरा दिसतो, म्हणून आधी ‘नाही’ असं लिहायचं. चारदा मी तसंच केलं. यंदाचं ‘नाही’ मात्र खरं होतं, हे त्यांना कळावं कसं?

थर्झा : शेवटी काय लिहिलंत?

अलॅन्सन : नेहमीचंच.

थर्झा : माझ्याकडे बघून सांगा.

अलॅन्सन : ‘तरीही पक्षाची आज्ञा झाल्यास सेवक हजर आहे.’ हात आपोआप लिहून गेला गं.

थर्झा : तीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं लिहिलीत. एका शब्दानं शेत भलत्याच्या घशात जातं, हे तुम्हीच मला सांगायचात. आणि आपल्या घराच्या वेळी हात आपोआप!

अलॅन्सन : मला तरी कुठे जायचंय? आठ हिवाळे राजधानीत, कोलंबसच्या त्या गारठलेल्या खोलीत काढले. रेल्वेला वेसण घालणारा एक कायदा केला, तोही पुढच्यांनी मोडून टाकला. दमलोय मी.

थर्झा : आपली पोर ल्युसिंडा तापानं गेली, तेव्हा तुम्ही तिथे पुलाच्या विधेयकावर बोलत होतात. मी कधी काही म्हटलं नाही.

अलॅन्सन : आज म्हणालीस.

थर्झा : मग फाटकात जा आणि तोंडानं नाही म्हणा.

अलॅन्सन : तेही रीतीचंच धरतील. खांद्यावर उचलून नेतील मला.

(दूरवर ढोल ऐकू येतो.)

थर्झा : बसा तुम्ही. मी सांगते.

अलॅन्सन : तू? तुला तर साधा मताचा हक्कही नाही.

थर्झा : म्हणूनच. बायकांच्या नकाराची अजून कुणी रीत पाडलेली नाही. मी ‘नाही’ म्हटलं, तर त्यांना ते ‘नाही’ असंच ऐकू येईल.

अलॅन्सन : हसतील गं तुला.

थर्झा : हसू देत.

अलॅन्सन : आणि विचारलं, साहेब स्वतः कुठे आहेत, तर?

थर्झा : सांगेन, यंदा घरी आहेत.