दुमडीतला पक्षी

आखातातल्या बरका गावाहून निघालेल्या बसमध्ये मंगलाताईंच्या पुढच्या सीटवर पडदे शिवणारा शरीफ आपल्या मेहुण्याला सांगत होता.

"इंग्रज मॅडमचं कापड, यासिर. तिच्या पणजीच्या वेळचं, लाकडी ठशांनी हातानं छापलेलं. वेली, पानं, पक्षी. पण एका पक्ष्याची चोच चक्क सरकलेली!"

"मग?"

"खराब माल समजून मी तो पक्षी दुमडीत दडवला. तिनं नेमका तोच शोधला."

"खलास!"

"मलाही तेच वाटलं. तर म्हणाली, तेव्हा आमच्याकडे लोक यंत्राच्या मालाला विटून मुद्दाम हातानं छापायचे. या पक्ष्यापाशी छापणाऱ्याचा हात हललाय, म्हणून तोच मला समोर दिसायला हवा. कापलं तर नाहीस ना?"

अल खौदचा, मंगलाताईंचा उतरायचा स्टॉप आला. पण पुढचं ऐकायला त्या बसूनच राहिल्या.

"कापलंस?"

"नाही रे, अल्हम्दुलिल्ला! आता उसवायलाच चाललोय. वीस वर्षांत पहिल्यांदा खुशीनं उसवतोय."