आपोआप साफ होणाऱ्या जाळीविषयी दोन शब्द

सन्माननीय अध्यक्ष डॉ. नूपुर घाटे मॅडम, व्यासपीठाची शोभा वाढवणारे आपल्या प्रसूतिगृहाचे विश्वस्त श्री. रुपरावजी कडू, आजचे सत्कारमूर्ती आणि आज निवृत्त होत असलेले आपले प्रशासकीय अधिकारी श्री. गिरिधर लांजेवार साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि मे महिन्याच्या या उकाड्यात कूलरच्या तोंडाशी खुर्च्या ओढून बसलेले माझे सहकारी बंधू, भगिनी आणि वॉर्डातल्या मावशी,

सूत्रसंचालकांनी आत्ताच सांगितलं की बाळंतीण वॉर्डाच्या सिस्टर शामला भोयर या लांजेवार साहेबांच्या जलप्रेमाविषयी दोन शब्द बोलतील. मी बोलणार आहे, आणि जलप्रेमाविषयीच बोलणार आहे. घरून एक भाषण लिहूनही आणलं होतं. पण आज सकाळी असं काही घडलं की ते भाषण वाचणं मला जमणार नाही. मॅडम, दोनाचे थोडे जास्त शब्द झाले तर सांभाळून घ्यावं.

आधी ज्याचं श्रेय त्याला देते. लांजेवार साहेबांनी या दवाखान्यासाठी काही केलं नाही असं कोण म्हणेल? ज्या उन्हाळ्यात आपली बोअर आटली, त्या उन्हाळ्यात हा माणूस स्वतः टँकरच्या पुढे स्कूटर घालून जरीपटक्याच्या बाजारातून वाट काढत इथपर्यंत आला होता. मी गॅलरीतून पाहिलं आहे. पाणीटंचाईची धग त्यांना खरोखर लागली होती. म्हणूनच त्यांनी देणगीदारांच्या मागे लागून ते धुलाईचं मोठं मशीन आणलं. एका फेरीचं खंगाळलेलं पाणी फेकायचं नाही, गाळून पुढच्या फेरीला वापरायचं. कल्पना चांगली होती, आणि आजही ती चांगलीच आहे.

आता गाळायचं म्हटलं की जाळी आली. कपड्यांचं तूस, धागे, केस, सगळं त्या जाळीत अडकतं. मग ती साफ कोणी करायची? कंपनीच्या माणसानं सांगितलं, कोणीच नाही. ती आपोआप साफ होते. फेरी संपली की जाळीच्या उलट बाजूनं चांगल्या पाण्याचा जोरदार फवारा येतो, अडकलेलं सगळं तूस सुटतं आणि गटारात जातं. तुम्ही झाकणाला हातही लावायचा नाही.

इथे थोडं विषयांतर करते. रुपरावजींना कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. आपल्याकडे जन्मलेल्या लेकराच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत. आजोबांचं जुनं धोतर, मावशीचं वापरून मऊ झालेलं लुगडं, त्याची दुपटी करतात. कामठीपासून महालापर्यंत कुठल्याही घरची बाळंतीण येऊ द्या, तिच्या पिशवीत असं एक गाठोडं असतंच. आणि आपल्या वॉर्डाची रीत अशी की घरी जाताना ती दुपटी इथेच ठेवून जायची. एका लेकराची दुपटी दुसऱ्याला लाभते म्हणतात. असं आपलं कपाट भरलं. कुठल्याही हॉटेलात असं कापड मिळणार नाही, पण जुनं सूत झडतं. मशीनवाल्यानं हिशेबात चादरी धरल्या होत्या, आणि आम्ही त्यात दोन पिढ्या अंगावर वापरलेली धोतरं टाकत होतो. तूस ढिगानं निघायचं, आणि जाळीला फवाराही सारखाच लागायचा.

फवाऱ्याचं ते पाणी गटारात जाताना साहेबांनी पाहिलं. मी तिथे कपडे मोजून देत होते. साहेब म्हणाले, "शामलाताई, पाणी वाचवायला आणलेलं मशीनच पाणी सांडतं. पटतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "साहेब, पोळपाट धुवायलाही वाटीभर पाणी लागतंच की."

ते हसले. मला वाटलं, विषय संपला.

आपल्या दारात लाल आकड्यांची ती पाटी आहे ना, 'आज वाचवलेलं पाणी'? पाहुणे आले की साहेब त्यांना आधी तिच्यासमोर उभं करायचे, चहा नंतर. तो आकडा मध्यंतरी खाली येत होता आणि मग एकाएकी वर गेला. पुढे 'जलमित्र' ही ढाल मिळाली. आज ती इथे मांडली आहे, सगळ्यांनी पाहिली असेल. तिच्याखाली जो पांढरा टेबलक्लॉथ आहे, तो त्याच काळात त्याच मशीनमध्ये धुतलेला आहे. ज्यांना समोसा खायचा आहे त्यांनी तो फार जवळून बघू नये, एवढंच मी सुचवते.

हसू नका. यापुढचं हसण्यासारखं नाही.

कामठीची खुशी नावाची एक मुलगी आपल्याकडे बाळंत झाली. पहिलटकरीण. तिची लेक रडायला लागली ती थांबेचना. खुशी मला म्हणाली, "सिस्टर, पोरगी काहून अशी रडून राहिली? दूध बी नाही घेऊन राहिली." पोट पाहिलं, कान पाहिले, लंगोट बदलला. शेवटी मी दुपटं पूर्ण सोडलं, तर उजव्या पायाचं एक बोट जांभळं झालेलं. टम्म फुगलेलं. त्याच्या मुळाशी केस. एक लांब केस वेढ्यावर वेढे घेऊन कातडीत रुतला होता. नूपुर मॅडम, आपणच तो केस कापून काढलात. हात हलू नये म्हणून आपण श्वास रोखला होता, ते मी पाहिलं. थोडा उशीर झाला असता तर ते बोट गेलं असतं, हे आपणच मला नंतर बाहेर येऊन सांगितलंत.

तो केस मेंदीनं लाल झालेला होता. खुशीच्या डोक्यात एकही लाल केस नाही. कुणाचा तरी केस कुणाच्या तरी चादरीतून निघून, मशीनच्या पाण्यात फिरत फिरत, त्या लेकराच्या दुपट्यात आला होता. ते घाणेरडं पाणी आम्ही स्वच्छ म्हणून तान्ह्या लेकरांच्या अंगाला लावत होतो. मला त्या दिवशी स्वतःच्या हातांची किळस आली.

मग चौकशी झाली. चौकशी अधिकारी कोण? लांजेवार साहेब. मशीनचं झाकण उघडलं, जाळी गच्च भरलेली आणि पाणी न गाळताच तिच्यावरून पुढे गेलेलं दिसलं, झाकण बंद केलं. मशीनला कुलूप. आणि मशीन चालवणारी वैभवी ठवकर, तिला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वॉर्डाची प्रमुख म्हणून मीही होते.

वैभवी गरीब गाय वगैरे नाही हो. भांडखोर आहे. माझ्याशीही रोज भांडायची, कपडे वेळेवर देत नाही म्हणून. त्या दिवशीही ती उभी राहून बोलली, "सायेब, मी जाळी कायले साफ करू? थे आपोआप साफ होते म्हणून तुमीच सांगतलं ना. झाकणाले हात लावशीन तं घरी पाठवीन, असं बी तुमीच म्हनलं."

साहेब शांतपणे म्हणाले, "फवाऱ्याच्या पाण्याचा कॉक बंद आहे आणि तो फिरवायची दांडी गायब आहे. मशीन तुमच्या ताब्यात होतं. दांडी कुठे आहे?"

कुठली दांडी, हेच तिला कळेना. तो कॉक मशीनच्या मागे, भिंतीच्या सांदीत. ती तिकडे कधी गेलीच नव्हती. तिला काढलं. कामावरून काढलं ते काढलंच, पण कागदावर लिहिलं, 'निष्काळजीपणामुळे नवजात बालकास इजा'. या ओळीनंतर नागपुरातला कोणता दवाखाना तिला दारात उभी करणार आहे? वर्षानुवर्षं दवाखान्याचे कपडे धुण्याचं काम केलेली बाई आज घरी बसून आहे. शेजारणी आपली लेकरं तिच्या हाती देत नाहीत. हे तिनंच मला फोनवर सांगितलं आणि मग भांडायचंही सोडून फोन ठेवला.

आता आज सकाळचं सांगते. साहेबांचं टेबल या व्यासपीठासाठी खाली आणायचं होतं, म्हणून आपला प्लंबर संघपाल आणि मी त्यावरच्या वस्तू खोक्यात भरत होतो. फोटो, घड्याळ, देवाची लहान मूर्ती. आणि कूलरच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून साहेब त्यावर जे वजन ठेवायचे ते. लाल रंगाचं, वीतभर, एका टोकाला भोक असलेलं लोखंड. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आहे. रजेचा अर्ज घेऊन गेलात की तो त्याच्याच खाली जायचा.

संघपालनं ते हातात घेऊन फिरवलं. म्हणाला, "ताई, हे तं कॉकची दांडी दिसून राहिली."

मी म्हटलं, "कशावरून?"

"लावूनच पाहू ना."

साहेबांच्या खणातली किल्ली घेऊन आम्ही खाली गेलो आणि मशीनचं कुलूप काढलं. मशीनच्या मागे तो आडवा होऊन शिरला. दांडी बसली. त्यानं ती फिरवली आणि मशीन सुरू केलं.

मंडळी, मी उभं आयुष्य बाळंतपणात घालवलं आहे. रक्त, पाणी, लेकराची पहिली काळी शी, यातलं काहीही मी कधी घाण मानलं नाही. त्यातून माणूस येतो. पण आज त्या नळीतून गटारात जे पडलं, ते पाहून मी भिंतीला धरून ओकले. काळा, बुळबुळीत लगदा. ओली गोधडी कुजावी तसा. त्यात केसांचे गुंते, पट्ट्यांचे धागे, आणि फाटलेल्या दुधासारखा आंबूस वास. संघपालनं नाकाला दुपट्टा बांधला. फवारा मात्र आपलं काम करत होता. थोड्या वेळानं जाळी अशी निघाली की आरपार दिसावं. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. ते बिचारं पहिल्या दिवसापासून स्वतःला साफ करायला तयार होतं.

मग मला आठवलं. वैभवीला 'दांडी कुठे आहे' असं विचारलं तेव्हा ती दांडी टेबलावरच होती. तिच्याच चौकशीच्या कागदांवर ठेवलेली.

मी उगाच आळ घेणारी बाई नाही. हा कार्यक्रम सुरू होण्याआधी मी साहेबांना एकटं गाठून विचारलं. वाटलं, म्हणतील, मला माहीत नाही, कुणीतरी आणून ठेवली असेल. मी विश्वासही ठेवला असता. साहेब, आपण नाही म्हणाला नाहीत. आपण म्हणालात, "आकडा खाली येत होता हो, शामलाताई." आणि मग म्हणालात, "आता जाता जाता कशाला? पाहुणे आलेत. कार्यक्रम होऊ द्या."

वहिनी, मला माफ करा. आजच्या दिवशी तुमच्यासमोर हे बोलावं लागतं आहे.

कॉक बंद केला, ते मी समजू शकते. टँकरच्या पुढे स्कूटर चालवलेल्या माणसाला गटारात जाणारं पाणी बघवलं नसेल. चूक झाली, मोठी झाली, पण माणसाची झाली. त्या लेकराचं बोट पाहिल्यावरही आपण ती दांडी कागदावर ठेवून समोरच्या बाईला विचारलंत, दांडी कुठे आहे. याची मला शिसारी आली आहे, साहेब. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही. आणि शिसारी थोडी या सभागृहाचीही आली आहे. वैभवी खोटं बोलत नाही हे आपल्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं. झाकणाला हात लावायचा नाही, हा हुकूम सगळ्यांनी ऐकला होता. पण जो तो म्हणाला, होईल आपोआप ठीक. जाळीला मागून पाणी मिळत होतं तोवर ती आपोआप साफ होत होती. आपल्याला ते पाणी कोण देणार होतं?

आता निरोपाचं बोलते. आज महिन्याची अखेर. कार्यालय सुटेपर्यंत लांजेवार साहेब आपले अधिकारी आहेत. त्यांच्या सहीनं निघालेला हुकूम तोवर त्यांच्याच सहीनं मागे घेता येतो. उद्या नवे साहेब येतील, ते म्हणतील, जुनं प्रकरण आहे, बघू. ते बघणं कसं असतं ते आपण सगळे जाणतो. म्हणून मी एक कागद टाइप करून आणला आहे. कॉक कुणी बंद केला आणि दांडी कुठे होती हे त्यात आहे. वैभवी ठवकर निर्दोष आहे, तिला कामावर परत घ्यावं, एवढंच खाली आहे. आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांकडून साहेबांना जे पेन भेट मिळालं, ते डबीतून अजून निघालेलं नाही. त्याचा श्रीगणेशा यानं व्हावा, अशी माझी विनंती आहे. अध्यक्ष मॅडम, कागदावर साक्षीदार म्हणून आपली जागा मोकळी ठेवली आहे. ते बोट आपण वाचवलं आहे.

साहेब, सही झाली की पहिला हार मी घालीन, मनापासून घालीन.

मला बोलू दिलंत म्हणून अध्यक्षांचे आभार, इतका वेळ गप्प राहून ऐकलंत म्हणून तुम्हा सर्वांचे आभार. सणासुदीच्या ताटात केस काढून दाखवावा तसं माझं बोलणं झालं असेल. शब्दांत काही कमीजास्त झालं असेल, वयानं मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पदरात घ्यावं.

कागद इथे टेबलावर ठेवते. या कूलरचाही वारा जोराचा आहे. उडू नये म्हणून त्यावर ही दांडी ठेवते, आणि मी माझ्या जागी जाते.