मान्यता आणि टँकरची पाळी

डिग्रीला मान्यता हाय का, हे मला आजवर एकाच माणसानं इचारलं बे. पुण्यातली पहिली मुलाखत. साहेबानं कागद चाळले अन् म्हणाला, "तुमच्या कॉलेजला मान्यता नाही?"

मी खरं तेच सांगितलं, "न्हाई साहेब. तपासणीला समिती आली तवा दुष्काळ व्हता. कॉलेजात प्यायला पाणी न्हवतं. समिती चहा न घेताच परत गेली."

तो हसला. "मग शिकलात काय?"

"आमच्या गावी, दिंद्रुडला, दूध सोसायटीच्या कम्प्युटरवर प्रोग्राम केला. कोणत्या गल्लीत पाण्याचा टँकर कधी जाणार, ते त्यो ठरवायचा."

"चालला का?"

"पहिल्याच दिवशी चुकला. चेअरमनच्या गल्लीत टँकर तीनदा गेला, आमच्या गल्लीत एकदाबी न्हाई. गल्लीतल्या समद्या बाया रिकाम्या घागरी घेऊन दारात बसल्या. म्हणल्या, 'दुरुस्त कर, तवर आमी हलत न्हाई.' तासाभरात केलं."

साहेबानं फाईल मिटली.

"आमच्याकडे चूक झाली तर लोक नुसता मेल टाकतात," तो म्हणाला. "तुम्हाला सोपं जाईल. सोमवारपासून या."