पैज अर्ध्यावर मोडली

हाताचे टाके काढायला आलेल्या शिलाईवाल्या काकूंच्या मागच्या बाकावर कॉलेजची दोन पोरं बसली होती. एकाची सलाईन नुकतीच निघाली होती, तरी तोच तणतणत होता.

“दारूचे अजून दोन ग्लास, की पैज जिंकलोच होतो. ॲम्ब्युलन्स कशाला बोलावलीस?”

“तुझे ओठ निळे पडले होते.”

“सगळ्यांनी मत दिलं ना, झोपू दे म्हणून?”

“दिलं. तुझंही त्यातच धरलं.”

“अरे, मी बेशुद्ध होतो!”

“म्हणून तर. पांघरूण घातलं, दिवा मालवला आणि सगळे निघून गेले.”

“आणि तू?”

“तुला कुशीवर धरून बसलो.”

“नवा शर्ट चुरगाळलास माझा.”

“चुकलं बाबा.”

नर्सने काकूंना दोनदा हाक मारली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

“शुक्रवारी परत पार्टी आहे. ये.”

“मला आता कोण बोलावतंय?”

“मी. माझ्या शेजारीच बस. आणि दिवा कुणाला मालवू देऊ नकोस.”