गुरुवारची दवंडी, बुधवारचा लिलाव

पोलीस ठाणे, पोर्ट एल्विन, न्यूझीलंड वसाहत. शुक्रवार, १९ मार्च १८५८, सकाळी सव्वादहा.

माझे नाव टॅमसिन पेन्हॅलो, वय चोपन्न वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार धक्क्यामागची गल्ली, पिंपवाल्याच्या शेजारी. मी आपण होऊन ठाण्यात आले असून सार्जंट मकब्राइड यांच्या विचारण्यावरून समक्ष सांगते ते असे.

जेबेझ पेन्हॅलो हा माझा नवरा, वय एकसष्ट. चौदा वर्षे तो घंटा वाजवून या गावाची दवंडी देतो. त्याला वाचता येत नाही, मला येते. दुकानदार आपापल्या जाहिरातीचे कागद आमच्या घरी आणून देतात. मी ते वाचते, तो पाठ करतो आणि धक्क्यापासून चर्चपर्यंत पाच ठिकाणी सांगतो. गावात वर्तमानपत्र आहे, पण ते शनिवारी निघते आणि निम्मे गाव ते मासे गुंडाळायलाच घेते.

कागद लांबलचक असतात. टोपीवाले ड्यूबेरी लिहितात, ‘या वसाहतीतील सुज्ञ व सुसंस्कृत जनतेस सविनय कळविण्यात येते’. मी एवढेच वाचते, ‘टोप्या आल्या.’ जेबेझ धक्क्यावर ओरडतो, ‘टोप्या आल्या, डोकी आणा!’ डोकी त्याच्या पदरची. ड्यूबेरींनी कधी तक्रार केलेली नाही.

सोमवारी सकाळी लिलाववाले मिस्टर हेझलडीन यांनी कागद आणून दिला. दिवंगत डॉक्टर ल्युकिन यांच्या सामानाचा लिलाव बुधवारी दुपारी दोन वाजता, त्यांच्याच अंगणात, असा मजकूर होता. जेबेझने सगळ्या गावाला गुरुवार सांगितला. त्यामुळे बुधवारी दोन वाजता अंगणात हेझलडीन, मी आणि डॉक्टरांची एक कोंबडी एवढेच हजर होतो. ठरल्या वेळी लिलाव सुरू करणे त्यांना भाग होते. पहिला नग मी तीन शिलिंगांना घेतला. मग त्यांनी हातोडा खिशात घातला आणि उरलेला लिलाव थांबवला.

तो नग काय होता असे विचारल्यावरून सांगते की, पत्र्याचे नरसाळे होते. मुरांबा भरायला घेतले.

गुरुवारी दोन वाजता त्रेचाळीस माणसे आली आणि उरलेले सामान चांगल्या भावाने गेले. तरी संध्याकाळी हेझलडीन चार माणसे घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

“नवऱ्यानं गावाला गुरुवार सांगायचा आणि बायकोनं बुधवारी येऊन माल उचलायचा! झकास चाललंय हो तुमचं, मिसेस पेन्हॅलो!”

मी म्हणाले, “माल कसला डोंबलाचा! एक नरसाळं!”

जेबेझने मला विचारले, “काय म्हणतोय हा?”

“तब्येत विचारतायत.”

“छान आहे, छान आहे!” जेबेझ त्यांना म्हणाला. “तुमची बायको बरी ना?”

मिस्टर हेझलडीन अविवाहित आहेत. बरोबरचे लोक हसले. हेझलडीननी तिथेच सांगितले की मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे अर्ज करून जेबेझची घंटा काढून घ्यायला लावतो, यापुढे जाहिराती फळ्यावर चिकटवल्या जातील. आज सकाळी आठ वाजता शिपाई येऊन निकाल लागेपर्यंत म्हणून घंटा घेऊन गेला. ती या टेबलावर आहे. वाजू नये म्हणून तिच्यात कोणाचा तरी मोजा कोंबला आहे.

चूक कशी झाली असे विचारल्यावरून सांगते की, चूक माझी. मीच ‘बुधवारी’च्या जागी ‘गुरुवारी’ वाचले.

त्यावर सार्जंट म्हणाले, “बाई, तुम्ही ‘गुरुवारी’ वाचलंत, तर बुधवारी दोन वाजता तुम्ही स्वतः तिथं कशा?”

तेव्हा मी सांगितले की, वर नरसाळे लिहिले आहे ते खोडा. तो कानाला लावायचा कर्णा आहे. डॉक्टर हयात असताना मी तो त्यांच्या कपाटात पाहिला होता.

जेबेझला तीन वर्षांपासून नीट ऐकू येत नाही. घंटा त्याच्या डाव्या हातात असते, डावा कान पार गेला आहे. मी त्याच्या उजव्या कानाशी ओरडून कागद वाचते. पिंपवाला म्हणतो की दवंडी गावाआधी त्याला कळते. सोमवारी तो लोखंडी कड्या ठोकत होता, त्या आवाजात ‘बुधवारी’चे त्याच्या कानी ‘गुरुवारी’ झाले. माझे वाचणे बरोबर होते.

सोमवारी दुपारी कपडे वाळत घालताना मी धक्क्यावरून त्याचा आवाज ऐकला, गुरुवारी, गुरुवारी. धावत जाऊन सांगता आले असते. पण चारचौघांत त्याची चूक सुधारली असती तर त्याला ऐकू येत नाही हे गावभर झाले असते. बहिऱ्या दवंडीवाल्याला कागद कोण देईल? शिवाय अंगण रिकामे राहिले तर कर्णा घेताना मला कोणी पाहणार नाही, हेही माझ्या मनात आले. म्हणून मी गप्प बसले. गुन्हा असेल तर तो हा आहे आणि तो माझा आहे.

हे ऐकून सार्जंट म्हणाले, “बाई, गेल्या वर्षी माझी घोडी हरवली, तर जेबेझनं गावाला होडी सांगितली. तिघं जण होड्या घेऊन ठाण्यात आले. गावाला सगळं ठाऊक आहे हो. लपवताय ते फक्त तुम्ही.” हे लिहू नका असे ते कारकुनाला म्हणत होते. मी लिहायला लावले.

बुधवारी घरी येऊन मी कर्णा जेबेझच्या कानाला लावला. तो म्हणाला, “आता माझ्यात मुरांबा भरणार का?” मी साध्या आवाजात एकदाच ‘जेबेझ’ म्हटले. तेव्हा तो म्हणाला, “टॅमसिन, तुझा आवाज जुना झाला गं.” तीन वर्षे ओरडून आणखी काय होणार? दिवस चुकल्याचे मी तेव्हाही त्याला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी हेझलडीन आले तेव्हा कर्णा पिठाच्या डब्यात लपवलेला होता.

मॅजिस्ट्रेटसाहेब सोमवारी निकाल देणार आहेत. घंटा कायमची काढून घ्यायची ठरली तर तो हुकूमही पाच ठिकाणी दवंडी देऊनच गावाला कळवावा लागेल, आणि गावात दुसरा दवंडीवाला नाही. माझी एवढीच विनंती आहे की तो कागद नेहमीप्रमाणे माझ्याकडेच द्यावा. तो मी जेबेझला कर्ण्यातून वाचून दाखवीन. एक शब्द गाळणार नाही. तो त्याला नीट ऐकू येईल आणि या वेळी दिवस चुकणार नाही.

हा जबाब सार्जंटनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेरच्या बाकावर बसलेल्या जेबेझला तो ऐकू गेला नाही, म्हणून मी त्याच्याजवळ जाऊन बरोबर आणलेल्या कर्ण्यातून सगळा पुन्हा वाचला. दिवस चुकल्याचे त्याला तिथेच कळले. त्याने एकच दुरुस्ती सांगितली. ‘आवाज जुना झाला’ असे तो म्हणाला नव्हता, ‘आवाज तोच जुना आहे’ असे म्हणाला होता. ऐकण्यात चूक माझी झाली.

दुरुस्ती मला मान्य आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून बरोबर आहे.

सही : टॅमसिन पेन्हॅलो